कोल्हापूर ते मुंबई : सदतीस मिनिटे की सत्तर?

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या एका शाळेतील गणिताच्या शिक्षिका एक उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आल्या. चाचणीतला प्रश्न असा होता : कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर ३०८ किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर असल्यास प्रवासास किती वेळ लागेल? उत्तर उघड आहे. ३०८ ला ५०० ने भागायचे, साठने गुणायचे, ३७ मिनिटे. वर्गातील बहुतेकांनी तेच लिहिले होते. एका मुलीनेही हा भागाकार केला होता, पण मग त्यावर काट मारून खाली लिहिले होते, ‘७० मिनिटे. आत्याच्या तिकिटावर तसेच छापले आहे.’

बाईंनी तिचे दोन गुण कापले होते. ‘‘सर, रीतीप्रमाणे माझे बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण तिकीट खोटे आहे असे तिला कोणत्या तोंडाने सांगू? आणि खोटे नसेल, तर बाकीच्या चाळीस मुलांना मी पूर्ण गुण कशाचे दिले?’’

प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. भागाकार बरोबर आणि उत्तर मात्र तेहतीस मिनिटांनी चुकलेले, म्हणजे जवळजवळ निम्मे! एवढी मोठी चूक कुठे दडली आहे हे शोधायचे तर आधी अंतर तपासायला हवे, मग वेग. आपण त्याच क्रमाने जाऊ.

अंतरासाठी शाळेतील नकाशासंग्रह पुरतो. उजळाईवाडीचा विमानतळ, म्हणजे १९३९ साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला आणि आज त्यांचेच नाव असलेला, साधारण १६ अंश ४० मिनिटे उत्तर अक्षांश आणि ७४ अंश १७ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा सांताक्रूझ-अंधेरीचा विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर आणि ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक २ अंश २५ मिनिटे, म्हणजे १४५ मिनिटे. ही कोनाची मिनिटे, घड्याळाची नव्हेत. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. आता खलाशांनी आणि वैमानिकांनी आपली मोठी सोय करून ठेवली आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. तेव्हा मुंबई कोल्हापूरच्या उत्तरेला १४५ सागरी मैल आहे, हे काहीही गुणाकार न करता कळले.

पूर्व-पश्चिम अंतराला एक गुणाकार लागतो. रेखांशांतील फरक १ अंश २५ मिनिटे, म्हणजे ८५ मिनिटे. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जातात. विषुववृत्तावर एका मिनिटाचा एक सागरी मैल होतो. आपल्याकडे त्याहून कमी. किती कमी, ते अक्षांशाच्या कोसाइनने ठरते. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश सुमारे १८ अंश आणि १८ अंशांचा कोसाइन ०.९५१. म्हणून ८५ गुणिले ०.९५१, सुमारे ८१ सागरी मैल.

पुढचे काम पायथागोरसचे. १४५ चा वर्ग अधिक ८१ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ १६६ सागरी मैल. किलोमीटरमध्ये ३०७.५. प्रश्नपत्रिकेतील ३०८ हा आकडा ठीक आहे. अक्षांश-रेखांश, कोसाइन आणि पायथागोरस ही तीन वेगवेगळ्या तासांना शिकवलेली गणिते इथे एका ओळीत येतात, म्हणून हे उदाहरण दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.

हेच अंतर रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि रेल्वेने पाचशेच्याही वर, कारण कोल्हापूरची गाडी मुंबईला जायला निघते ती आधी पूर्वेला मिरजेकडे. विमानाला घाट नाही, नदी नाही, मिरज जंक्शनही नाही. तरी विमान त्या ३०८ किलोमीटरच्या रेषेवरून जाते का? जात नाही, आणि चुकीचा पहिला धागा इथे सापडतो.

आपल्या धावपट्टीच्या टोकांवर मोठ्या अक्षरांत ०७ आणि २५ असे आकडे रंगवलेले आहेत. हे धावपट्टीच्या दिशेचे आकडे. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलेला होकायंत्रातील कोन, शेवटचे शून्य गाळून; म्हणजे सुमारे ७० अंश आणि उलट बाजूने २५० अंश. मुंबई आपल्यापासून ३३१ अंशांवर आहे. विमान शक्यतो समोरून येणाऱ्या वाऱ्यावर उडते, त्यामुळे पश्चिमेचा वारा असला की ते २५० अंशांकडे तोंड करून उडणार आणि मग उजवीकडे सुमारे ८० अंश वळून मुंबईचा रस्ता धरणार. पूर्वेकडे उडाले तर वळण आणखी मोठे. मुंबईलाही तीच गत. तिथे समुद्रावरून पश्चिमेचा वारा येतो, म्हणून बहुतेक विमाने शहराच्या पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. कोल्हापूरचे विमान येते दक्षिण-आग्नेयेकडून. त्याला आधी पूर्वेला सरकावे लागते, मग रांगेत शिरून वळावे लागते. तीस-चाळीस किलोमीटरची भर इथे सहज पडते.

पण नुसत्या वळणांनी तेहतीस मिनिटे भरत नाहीत. आता वेगाकडे वळू.

ताशी ५०० किलोमीटर हा पंख्याच्या, म्हणजे एटीआरसारख्या विमानाचा वेग म्हणून चुकीचा नाही. मात्र हा वेग आहे ते विमान पूर्ण उंचीवर पोहोचून सरळ जात असतानाचा. कोल्हापूर-मुंबई मार्गावर ते तसे जाते तरी किती वेळ? उतरताना विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येते. तीन अंशांचा टँजंट ०.०५२४. समजा विमान २० हजार फुटांवर आहे, म्हणजे ६.१ किलोमीटर उंच. ६.१ ला ०.०५२४ ने भागले की ११६ किलोमीटर येतात. इतक्या आधीपासून ते उतरू लागले पाहिजे. वैमानिक हा भागाकार तोंडी करतात : उंची हजार फुटांत घ्यायची, तिला तीनने गुणायचे, उत्तर सागरी मैलांत. वीस त्रिक साठ सागरी मैल, म्हणजे १११ किलोमीटर. आपल्या उत्तराच्या अगदी जवळ. चढायलाही साधारण तेवढेच अंतर लागते असे धरू. मग ३०८ किलोमीटरपैकी ‘ताशी ५००’ ला उरले जेमतेम ७५! बाकी सगळा प्रवास चढ-उताराचा. त्यातही दहा हजार फुटांखाली वेगावर सर्वसाधारण मर्यादा असते, २५० सागरी मैल ताशी. जेट विमान वर ताशी ८०० किलोमीटरने जात असले तरी खाली त्याला सुमारे ४६० वर यावेच लागते.

म्हणजे गणितात ज्याला आपण सरासरी वेग म्हणतो तो हा नव्हेच. प्रश्नपत्रिकेत नुसता ‘वेग’ असा शब्द होता. एरवी आपण तो खपवून घेतो.

आता तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत रंजक वाटते. तिकिटावर छापलेली वेळ हवेतली वेळच नसते. उभे असलेले विमान हलू नये म्हणून त्याच्या चाकांपुढे ठोकळे लावतात. ते काढून विमान हलल्यापासून दुसऱ्या गावी पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा काळ वेळापत्रकात देतात. विमानवाले त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात, तो या ठोकळ्यांवरूनच. त्यात धावपट्टीपर्यंत सावकाश चालत जाणे आले, आपली पाळी येईपर्यंत थांबणे आले, उतरल्यावर जागेवर पोहोचणे आले. उजळाईवाडीला हे काम चटकन होते, मुंबईला होत नाही. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एका धावपट्टीवर तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमाने चढायची-उतरायची म्हणजे सरासरी सव्वा-दीड मिनिटाला एक. कुणी जरा रेंगाळले की मागच्याला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय ‘वेळेवर पोहोचलो’ असे म्हणता यावे म्हणून कंपन्या वेळापत्रकातच थोडी मिनिटे राखीव धरतात. यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. एसटीचे वेळापत्रक करणाराही घाटासाठी जास्त वेळ धरतोच.

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून आपले छोटे पस मॉथ विमान जुहूला उतरवले, तेव्हा वेग आजच्या मानाने फारच कमी होता, पण रांगही नव्हती. त्यांच्यासाठी ‘अंतर भागिले वेग’ हे सूत्र आपल्यापेक्षा कितीतरी खरे होते.

हा वरचा वेळ नेमका किती, हे विमानतळावर न जाता वर्गात बसून काढता येते. बाईंना मी तेच करायला सुचवले. मुंबईहून निघणाऱ्या जेट विमानांचे वेळापत्रक घ्या. कंपनी आणि ऋतू यांनुसार पाच-दहा मिनिटे इकडेतिकडे होतात, पण साधारण चित्र असे असते : गोव्याचे दाबोळी ४२५ किलोमीटर, सव्वा तास, हैदराबाद ६२० किलोमीटर, दीड तास, दिल्ली ११४० किलोमीटर, सव्वादोन तास. क्ष-अक्षावर अंतर आणि य-अक्षावर मिनिटे घेऊन हे बिंदू आलेखकागदावर मांडा. ते जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. मात्र ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही. पट्टी ठेवून ती डावीकडे वाढवली की य-अक्षाला सुमारे ४० मिनिटांवर छेदते.

नववी-दहावीत आपण एकरेषीय समीकरणे शिकवतो, चढ आणि अंतःखंड शिकवतो. मुले सूत्र पाठ करतात, पण अंतःखंड म्हणजे काय हे फारसे कुणी अनुभवलेले नसते. इथे तो हातात येतो. रेषेचा चढ सांगतो की दर वाढीव ७१० किलोमीटरला एक तास लागतो, आणि अंतःखंड सांगतो की कुठेही जायचे असले तरी चाळीस मिनिटे आधी बाजूला काढा. कोल्हापूरचे ३०८ किलोमीटर या रेषेवर घातले तर २६ अधिक ३९, म्हणजे ६५ मिनिटे येतात. आत्याच्या तिकिटापेक्षा पाचच मिनिटे कमी!

याच आलेखावर रस्त्याची रेषाही काढता येईल. ताशी ५० किलोमीटर सरासरी धरली तर तिचा चढ तीव्र, पण ती आरंभबिंदूतूनच निघते. विमानाच्या रेषेत मात्र अंतःखंड आणखी वाढवावा लागेल, कारण घरातून निघून विमानतळावर तासभर आधी पोहोचणे आणि मुंबईत बाहेर पडून घर गाठणे हेही त्यात आले. दोन रेषा जिथे छेदतात, त्याहून जवळच्या गावाला विमानाने जाण्यात वेळेचा फायदा नाही. मुंबई-पुणे प्रवासाला विमान का सुचत नाही, ते या छेदबिंदूवरून दिसते. कोल्हापूर त्याच्या पलीकडे आहे, पण फार पलीकडे नाही.

इथपर्यंत आले की वर्गातून एक शंका हमखास येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर विमान वर गेले की खालची जमीन सरकत नाही का? मग पश्चिमेला जाणारे लवकर पोहोचायला हवे! शंका हसण्यावारी नेऊ नये. कोल्हापूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १६०० किलोमीटर वेगाने पूर्वेला जात असते. जमीन खरोखर खालून निसटली असती, तर पन्हाळ्यावर उडी मारणारा पोर अर्ध्या सेकंदात दोनशेहून अधिक मीटर पश्चिमेला पडला असता. तसे होत नाही, कारण उडी मारताना तो वेग त्याच्याही अंगात असतो, जसा धावत्या एसटीत वर फेकलेल्या चेंडूच्या अंगात असतो. वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. विमानाला कळतो तो हवेचा जमिनीच्या मानाने असलेला वेग, म्हणजे वारा.

आणि वारा खरोखरच कळतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे झोतवारे वाहतात. मुंबई-कोलकाता अंतर सुमारे १६७० किलोमीटर. विमानाचा हवेतील वेग ८०० आणि पाठीमागून वारा १०० असे धरले, तर जाताना ९०० च्या वेगाने १११ मिनिटे लागतील. येताना वेग ७००, वेळ १४३ मिनिटे. जाता-येता मिळून २५४ मिनिटे झाली. वारा नसता तर २५० झाली असती. जाताना जेवढे कमावले तेवढेच येताना गमावले असे होत नाही, थोडे जास्तच गमावले जाते, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. पावसाळ्यात दक्षिण भारतावर याहून उंच पूर्वेकडून पश्चिमेकडे झोतवारा वाहतो. त्याचा अभ्यास करून तो जगापुढे मांडणारे शास्त्रज्ञ आपल्याच हवामान खात्यातले होते, पी. कोटेश्वरम्. कोल्हापूर-मुंबई विमान मात्र इतके उंच चढत नाही आणि इतका वेळ उडतही नाही, त्यामुळे वाऱ्याने तिथे दोन-चार मिनिटांचाच फरक पडतो.

बाई निघता निघता म्हणाल्या, पायथागोरसने कोणतेही दोन विमानतळ चालतील का? चालणार नाहीत. तीनशे किलोमीटरपर्यंत पृथ्वी सपाट धरली तर बिघडत नाही. पण मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर वरच्या रीतीने काढले तर १४,३०० किलोमीटरच्या आसपास येते, आणि खरे अंतर आहे सुमारे १२,५००. अठराशे किलोमीटरची चूक! गोलावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते त्यावरून. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी त्याची रीत अशी : दोन अक्षांशांच्या साइनचा गुणाकार घ्या, त्यात दोन अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवा. आलेली संख्या ज्या कोनाचा कोसाइन असेल, त्याला १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात. मुंबई-न्यूयॉर्कसाठी संख्या उणे ०.३८६ येते, कोन ११२.७ अंश.

लहान वर्गांसाठी पृथ्वीचा गोल आणि दोरा पुरेसा आहे. न्यूयॉर्कवर दोऱ्याचे एक टोक धरा, कोल्हापूरवर दुसरे, आणि दोरा ताणा. सपाट नकाशा पाहून वाटते की अमेरिकेत जाणारा माणूस अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेला जात असेल. दोरा मात्र निघतो उत्तर-वायव्येला, सिंध, मध्य आशिया आणि रशियावरून जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत चढतो, आइसलँडजवळून वळतो आणि उत्तरेकडून खाली न्यूयॉर्कला येतो. सिंधवरून जात असल्यामुळेच पाकिस्तानने २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा, आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा पश्चिमेकडच्या प्रवासाच्या वेळा वाढल्या. भूमितीतला जवळचा मार्ग मोकळा असेलच असे नाही.

हा दोरा ताणताना मला स्वतःला एक गंमत सापडली. कोल्हापूरहून न्यूयॉर्कची दिशा सुमारे ३३४ अंश आणि मुंबईची ३३१. म्हणजे कोल्हापूर-न्यूयॉर्क हा सर्वांत जवळचा मार्ग मुंबई विमानतळापासून चौदा-पंधरा किलोमीटरवरूनच जातो. आपल्या गावाचा मुलगा मुंबईला विमान बदलून अमेरिकेला जातो, तेव्हा त्याला अंतराचा भुर्दंड जवळजवळ पडतच नाही. पडतो तो अंतःखंडाचा, दुसऱ्यांदा.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. त्यांनी तोच प्रश्न वर्गाला पुन्हा दिला होता, या वेळी वेळापत्रकासह. जुन्या उत्तरपत्रिकेतील दोन गुणांपैकी एक त्यांनी त्या मुलीला परत केला. दुसरा नाही, कारण ७० मिनिटे का, हे तिने लिहिले नव्हते. हा न्याय मला पटला. मुलीने आलेख नीट काढला होता, अंतःखंड ३९ मिनिटे आणला होता आणि खाली टीप लिहिली होती, ‘इतका वेळ आत्या जमिनीवर असते.’

इतका वेळ नाही. त्यातला बराचसा भाग हवेतलाच आहे, वळणांचा आणि चढ-उताराचा. तो वेगळा कसा काढायचा, यासाठी विमान कधी धावपट्टी सोडते आणि कधी टेकते याच्या नोंदी लागतील. आत्या पुढच्या वेळी घड्याळ घेऊन खिडकीपाशी बसणार आहे, असे कळले.